गेलेल्या खेळाडूंचा हिशेब

वसंतात व्याख्यानमाला भरते आणि याच दिवसांत गावोगावच्या जत्राही भरतात. मुंबईस नोकरीसाठी गेलेली, पुण्या-भोसरीकडे कारखान्यांत लागलेली माणसे या दिवसांत गावी येतात. निरगुडसरसारख्या गावात अशा वेळी पारावर बसले म्हणजे एक बोलणे हमखास कानी पडते. 'अमक्याचा मुलगा इथे असता तर आज तालीम नावारूपास आली असती,' असे कोणी म्हणतो. त्यावर दुसरा उत्तर देतो, 'इथे असता तर त्याला विचारले कोणी असते?' दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. पोर वाढविले एका घराने आणि त्याचे फळ चाखले दुसऱ्या घराने, तेव्हा पहिल्या घराने हळहळावे की अभिमान बाळगावा? हा प्रश्न खेळाच्या इतिहासाच्या आधारे पडताळून पाहावा, असे आम्ही योजिले आहे.

फुटबॉलच्या जगात हा प्रश्न अगदी रोकडा आहे. तेथे खेळाडूची रीतसर खरेदी-विक्री होते. लंडनच्या चेल्सी क्लबाने केविन डी ब्रुइने या बेल्जियन तरुणास २०१४ साली जर्मनीतील क्लबास विकले. मोहंमद सालाह या इजिप्शियन खेळाडूस २०१६ साली रोमच्या क्लबास दिले. पुढे पहिला मँचेस्टर सिटीचा आणि दुसरा लिव्हरपूलचा आधारस्तंभ झाला. मँचेस्टर युनायटेडने तर पॉल पोग्बा याला २०१२ साली जवळजवळ फुकट जाऊ दिले आणि २०१६ साली ८ कोटी ९० लक्ष पौंड मोजून तोच परत घेतला. पस्ताव्याचा आकडा इतका स्पष्ट क्वचितच लिहिला गेला असेल. परंतु चेल्सीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डी ब्रुइने गेल्यानंतर २०१४-१५ साली आणि सालाह गेल्यानंतर २०१६-१७ साली त्याच क्लबाने इंग्लंडचे अजिंक्यपद मिळविले. तेव्हा एकेक खेळाडू धरून हिशेब मांडला तर तोटा दिसतो, वर्षांचा हिशेब मांडला तर तो दिसेलच असे नाही.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने या शतकाच्या आरंभी आणखी एक गोष्ट केली. खेळाडूचा करार चालू असताना एका क्लबाने त्याला दुसऱ्या देशातील क्लबास विकले, म्हणजे त्या किमतीतील पाच टक्के रक्कम, वयाच्या बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकविले, त्यांच्यात वाटून द्यावी असा नियम झाला. घडविणाऱ्याचा वाटा कागदावर मान्य झाला. आपल्याकडच्या खेळांत घडविणाऱ्याच्या पदरी बहुधा आठवणच पडली आहे.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण क्रिकेटमध्ये सापडते. फुटबॉलसारखी विक्री तेथे नव्हती. पण विक्रीचे काम दुसऱ्या एका व्यवस्थेने केले होते. ती व्यवस्था म्हणजे संस्थानिकांची नोकरी. रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ साली सुरू झाले. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय खेळाडूस शाळेत, कचेरीत किंवा बँकेत नोकरी धरून उरल्या वेळात खेळावे लागे. उलट बडोदे आणि इंदूर येथे महाराजांची इच्छा झाली की खेळाडूस हुद्दा मिळे, पगार मिळे आणि त्याचे मुख्य काम खेळणे हेच राही.

विजय हजारे यांचा जन्म सांगलीस ११ मार्च १९१५ रोजी झाला. वडील शिक्षक. रणजी करंडकाच्या पहिल्याच वर्षी हजारे महाराष्ट्राकडून खेळले, आणि लगेच पुढील काही वर्षे मध्य भारताच्या संघात गेले. त्या सुमारास क्लॅरी ग्रिमेट या विख्यात ऑस्ट्रेलियन गोलंदाजाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. बॅट धरताना दोन हातांत अंतर ठेवण्याची हजाऱ्यांची रीत पुस्तकी नव्हती. ती बदलू नकोस, असा सल्ला या गुरूने दिला. १९३९ साली हजारे महाराष्ट्राकडे परत आले. महाराष्ट्राचे कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे अध्यापक आणि त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचे. त्या हंगामात पुण्यास बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय भूमीवर भारतीय फलंदाजाने केलेले हे पहिले त्रिशतक. नवव्या गड्यासाठी त्यांनी नगरवाला यांच्याबरोबर २४५ धावांची भर घातली. नगरवाला ९८ धावांवर बाद झाले. त्या वर्षी महाराष्ट्राने संयुक्त प्रांतास हरवून करंडक जिंकला. पुढच्या वर्षी, १९४०-४१ मध्ये, अंतिम सामन्यात मद्रासला मद्रासमध्येच हरवून तो राखला.

यानंतर हजारे बडोद्यास गेले. ज्या बडोद्याच्या गोलंदाजांना त्यांनी पुण्याच्या मैदानावर दिवसच्या दिवस राबविले होते, त्याच संस्थानची नोकरी त्यांनी पत्करली. यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. गुणाची पारख त्याच्याकडून मार खाल्लेल्यास लवकर होते. १९४२-४३ साली बडोद्याने करंडक जिंकला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे यांनी २८८ आणि गुल महंमद यांनी ३१९ धावा केल्या. चौथ्या गड्यासाठी या जोडीने ५७७ धावा जोडल्या. कोणत्याही गड्यासाठी जगातील सर्वांत मोठी भागीदारी म्हणून हा विक्रम २००६ सालापर्यंत अबाधित होता. १९४९-५० साली करंडक पुन्हा बडोद्याकडे गेला. दरम्यान जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत शतके, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडवर मिळविलेला भारताचा पहिला कसोटी विजय, ही हजारे यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. त्या विजयाच्या वेळी तेच भारताचे कर्णधार होते.

आता महाराष्ट्राकडे वळू. १९४०-४१ नंतर महाराष्ट्राने रणजी करंडक एकदाही जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या तीन वर्षी अंतिम सामना गाठला. तिन्ही वेळा हार पत्करावी लागली. ऐंशीहून अधिक वर्षांचा हा दुष्काळ पाहून सहज कोणी म्हणेल, हजारे गेले आणि लक्ष्मी गेली. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने इतक्या सोप्या सोयरिकी जुळवू नयेत. हजारे गेले तेव्हा देवधर पन्नाशीला टेकले होते आणि तो विजयी संघ कधीतरी विसकटणारच होता. पुढे १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे मुंबईने करंडक कोणासच दिला नाही. त्या पंधरा वर्षांत एक हजारे राहते तरी काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे. एका माणसाच्या जाण्याने घर बसत नाही. मात्र माणसे जातच राहिली आणि घराने कारण शोधले नाही, तर घर बसते.

माणसे जात होती, हे खरेच आहे. पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी बडोद्याकडून खेळले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ या त्या वेळच्या विक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी असताना प्रतिपक्षाने खेळ सोडून दिला. हे निंबाळकरही पुढे होळकर संघात दिसले. पुण्याचेच चंदू बोर्डे अठरा वर्षांचे असताना डिसेंबर १९५२ मध्ये महाराष्ट्राकडून प्रथम खेळले आणि थोड्याच काळात बडोद्यास गेले; १९५७-५८ साली बडोद्याने करंडक जिंकला त्यात त्यांचा मोठा वाटा होता. हजारे गेल्यावर दहा-बारा वर्षांनी त्याच वाटेने बोर्डे गेले, ही गोष्ट आम्हांस अधिक बोलकी वाटते. पहिल्या वेळी दैव म्हणता येते. दुसऱ्या वेळी वाट कोणी बुजविली नाही, असेच म्हणावे लागते.

पण बोर्डे परत आले. १९६४-६५ पासून ते पुन्हा महाराष्ट्राकडून खेळू लागले. १९७०-७१ साली महाराष्ट्र तीस वर्षांनी अंतिम सामन्यात पोहोचला, त्या संघात ते होते. मुंबईकडून ४८ धावांनी हार झाली, तरी ज्या घरातून माणूस कडवटपणाने गेलेला नसतो त्या घराकडे परतीची वाट खुली असते, एवढे या प्रसंगावरून दिसते.

घेणाऱ्या घरांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. नागपूरचे कर्नल सी. के. नायडू १९२३ साली होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदुरास गेले. १९४४-४५ पासूनच्या अकरा वर्षांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात उतरला आणि चार वेळा जिंकला. असे वैभव दुसऱ्या कोणत्याही संस्थानी संघाच्या वाट्यास आले नाही. परंतु संस्थान विलीन झाले, आश्रय आटला आणि १९५४-५५ नंतर होळकर संघाचे नावच स्पर्धेतून गेले. बाहेरून आणलेल्या झाडांना पाणी घालणारा हात थांबला, बाग संपली. नागपूरचे मैदान मात्र तेथेच होते. विदर्भाने २०१७-१८ साली पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या संघात मुंबईहून आलेले वासिम जाफर होते, प्रशिक्षक मुंबईचेच चंद्रकांत पंडित होते, आणि तो अंतिम सामना झाला इंदुरास, होळकरांच्या नावाच्या मैदानावर. ज्या गावाला नागपूरने आपला सर्वांत मोठा खेळाडू दिला, त्याच गावातून विदर्भाने करंडक घरी आणला. चौऱ्याण्णव वर्षे लागली. पण मधल्या काळात नागपूरने मैदान मोडले नव्हते.

मुंबईने जाफर गेले म्हणून फारसा शोक केला नाही. पंडितांनी शिकविलेल्या मध्य प्रदेशाने २०२२ च्या अंतिम सामन्यात खुद्द मुंबईलाच हरविले. तरी दोनच वर्षांनी मुंबईने आपला बेचाळिसावा करंडक जिंकला. ज्या घरी गोठा भरलेला असतो, तेथे एक गाय शेजारी गेल्याचे दुःख फार दिवस टिकत नाही. हळहळ बहुधा त्या घरी मुक्काम करते, जेथे पुढचे वासरू तयार नसते.

येथवर आपण भाकरीसाठी गेलेल्यांचा विचार केला. जाण्याचे दुसरेही एक कारण असते, आणि त्याचा हिशेब निराळा आहे. पळवणकर बाळू हे चांभार समाजातील डावखुरे गोलंदाज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते मैदानाची निगा राखीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. त्यांच्या गोलंदाजीची ख्याती ऐकून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चालत असे. परंतु चहाच्या वेळी त्यांचा चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. पुढे बाळू मुंबईस गेले. १९०६ साली मुंबईच्या हिंदू संघाने गोऱ्यांचा पराभव केला, तो मुख्यतः बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांच्या बळावर. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. मुंबईनेही त्यांना कर्णधारपद दिले नाही. तो मान अखेर १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

बाळू मुंबईस निघाले तेव्हा त्यांना 'राहा' म्हणण्याचा नैतिक अधिकार पुण्याकडे उरलेला नव्हता. हजारे गेले याची खंत करताना महाराष्ट्राला म्हणता येईल की, आमच्यापाशी पैसा नव्हता. बाळूंच्या बाबतीत पैशाचा प्रश्नच नव्हता. एक कप चहा सारख्या भांड्यात देण्यास काही खर्च येत नाही. पस्ताव्याला खरी जागा असेल तर ती येथे आहे.

असाच एक धडा आपल्या अगदी शेजारी, जुन्नरच्या मातीत, तीन शतकांपूर्वीच लिहिला गेला होता. खेळाडूंची गोष्ट सोडून आम्ही राज्यांच्या गोष्टीकडे वळतो आहो. पण गुणी माणूस राखण्याचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. निजामशाहीचा पाया मलिक अहमदने १४९० साली या जुन्नर प्रांताच्याच बळावर घातला. पुढे हेच राज्य सावरून धरणारा मलिक अंबर हा हबशी. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला. मध्यंतरी विजापूरकरांच्या चाकरीत होता. तेथे मनाजोगी कदर न झाल्याने तो निजामशाहीत परतला, आणि पुढे काही काळ त्याने जुन्नर हीच राजधानी केली. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीस मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजेचा त्याने फडशा पाडला. विजापूरने हातचा घालविलेला माणूस असा विजापूरवरच उलटला.

पण अंबरानेही तीच चूक केली. भातवडीच्या लढाईत ज्यांनी पराक्रम गाजविला, त्यांत तरुण शहाजीराजे भोसले होते. त्यांचे बंधू शरीफजी तेथे कामास आले. विजयानंतर अंबराशी त्यांचे बिनसले आणि शहाजीराजे विजापूरच्या सेवेत गेले. १६२६ साली अंबर वारला. १६३३ साली दौलताबाद पडले आणि निजामशाही बुडाली असे मोगल समजू लागले. तेव्हा, अनेक फेऱ्यांनंतर, हेच शहाजीराजे पुढे आले. नाणेघाटाशेजारच्या जीवधन किल्ल्यावरून निजामशाही घराण्यातील एक मूल त्यांनी बाहेर काढले, पेमगिरीवर त्याच्या नावाने राज्य उभे केले आणि १६३६ साली माहुलीस नाइलाज होईपर्यंत ते लढविले. ज्या राज्याने एकेकाळी त्यांना टिकवून धरले नाही, त्या राज्याचे अखेरचे श्वास त्यांनीच जपले. तोवर फार उशीर झाला होता.

या सर्व कथांतून आम्हांस जे दिसते ते थोडक्यात सांगतो. गेलेला खेळाडू दुसरीकडे चमकला, एवढ्यावरून पहिल्या घराने हळहळण्याचे कारण नाही. तो येथेच राहता तर तसाच चमकला असता, हे गृहीत धरणे हीच मुळात चूक आहे. हजाऱ्यांना बडोद्याने निश्चिंत मनाने खेळण्याची सोय दिली. त्या सोयीशिवायचे हजारे कसे झाले असते, हे पुण्याच्या अभिमानाने ठरविता येणार नाही. घराने स्वतःस दोन गोष्टी विचाराव्यात. तो गेला तेव्हा आमच्याकडून त्याचा अवमान झाला होता काय? आणि तो ज्या अडचणीमुळे गेला ती अडचण आज, पुढच्या मुलासाठी, दूर झाली आहे काय? पहिल्याचे उत्तर 'होय' असेल तर पस्तावा योग्यच आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर गेलेल्याच्या नावाने हळहळण्यात वेळ घालविणे ही केवळ सबब ठरते.

आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतून पिढ्यान् पिढ्या पोरे मुंबईस गेली. ती गेली याचा गावाने पस्तावा करावा असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या मनिऑर्डरींवर घरे उभी राहिली, त्यांच्या वर्गण्यांतून देवळांचे आणि शाळांचे जीर्णोद्धार झाले. घडविणाऱ्याचा वाटा मागण्यासाठी येथे कोणत्या संघटनेचा नियम लागला नाही. तो पोरांनी आपण होऊन दिला. परंतु ज्यांना गावाने कधी बरोबरीने ओट्यावर बसविले नाही अशीही काही घरे गेली, आणि त्यांतील पुष्कळांच्या वर्गण्या कधी आल्या नाहीत. जत्रेच्या हिशेबवहीत त्यांची नावे सापडणार नाहीत. त्या न सापडणाऱ्या नावांचा विचार आपण या दिवसांत एकदा तरी करावा.

आणि मग शाळेच्या पटांगणाकडे जावे. तेथे संध्याकाळी पाच-पंचवीस पोरे खेळत असतात. त्यांतले कोण उद्या परगावी नाव काढील हे आज कोणास ठाऊक नाही. ते जाणार असेल तर जावे. मात्र आज त्याला सपाट जमीन आहे का, शिकविणारा कोणी आहे का, आणि खेळ संपल्यावर तहान लागली तर सर्वांबरोबर एकाच माठातले पाणी मिळते का, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.